टायगर १३१ आणि माझी फजिती

आज परत इंग्लंडमधल्या डॉर्सेटला बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये जाऊन आलो. कारण काय, तर गेल्या महिन्यात सेकंडहँड घेतलेला टायगर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं मॉडेल, १:३५ स्केल, कोणीतरी आधीच जोडून रंगवलेला, बुरुजावर लाल १३१, मी जाम खूश, पण घरी आणल्यापासून काहीतरी खटकत होतं. आज खऱ्या १३१ समोर उभा राहिलो आणि ट्यूब पेटली, अरे याचं चिलखत तर गुळगुळीत आहे! माझ्या मॉडेलवर सगळीकडे कंगवा फिरवल्यासारख्या रेघा, म्हणजे झिमेरिट, चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून थापायचे ती पेस्ट. ती आली १९४३ च्या उत्तरार्धात, आणि हा रणगाडा एप्रिल १९४३ मध्येच ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला.

बायको म्हणाली, "वीतभर खेळणं ते, कोण बघतंय?" मी बघतो ना!

घासायला गेलो तर बारीक बोल्टही जाणार. मग नंबर पुसून १९४४ चा दुसरा टायगर करू म्हटलं, तर वरचा कपोला, म्हणजे कमांडरने बाहेर बघायची घुमटी, जुना, उभ्या डब्यासारखा, नंतरच्या टायगरांना तो बुटका असायचा. दोन्हीकडून बोंब. सध्या कपाटात मागच्या रांगेत ठेवलाय, अमेरिकन शेरमन रणगाड्याच्या आड.