काकाजींच्या उशाजवळची कुपी

गेल्या श्रावणात आमच्या काकाजींना गॅस्ट्रो झाला, तेव्हा तालुक्याच्या औषध दुकानातून आलेल्या पिशवीत प्रतिजैविकाच्या गोळ्या आणि पाच मिलिलिटरच्या दहा प्लास्टिक कुप्या होत्या. ओआरएसचे पाकीट एकच होते आणि तेही दुपारपर्यंत कोणी फोडले नव्हते. कुपीची मान मोडून ते गढूळसर, बेचव पाणी चमच्यात ओतत काकू म्हणाल्या, "एवढं महागाचं औषध देल्लं, मंग मीठसाखरेचं पाणी कायले पाजतं?"

पावसाळ्यात नाल्याचे पाणी विहिरीत उतरले की आमच्या यवतमाळकडच्या गावांत हगवण येतेच, म्हणून काकूंच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावेसे वाटते. त्या कुपीत बॅसिलस क्लॉसी या जिवाणूचे सुमारे दोनशे कोटी जिवंत बीजाणू असतात. असे उपकारक सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, आतड्यात रोगजंतूंची जागा आणि अन्न अडवतात, ही त्यामागची कल्पना. कल्पना पटण्यासारखी आहे. पण २०२० मध्ये वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने संसर्गजन्य अतिसारावरील ८२ अभ्यास पाहिले, तेव्हा ४८ तासांहून अधिक चालणाऱ्या जुलाबांत प्रोबायोटिकमुळे बहुधा फारसा फरक पडत नाही, असे दिसले. शिवाय बारा हजारांवर रुग्णांपैकी निव्वळ प्रौढ म्हणून मोजलेले होते ४१२. काकाजींसारख्या साठीच्या माणसाबद्दल ठामपणे बोलायला हा आधार फारच तोकडा आहे.

प्रतिजैविकांच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे आहे. ही औषधे रोगजंतूंबरोबर आतड्यातले चांगले जिवाणूही मारतात, आणि त्या मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा चिवट जिवाणू फोफावू शकतो. ज्यांना हा धोका मुळातच जास्त असतो, त्यांना प्रतिजैविकासोबत प्रोबायोटिक दिल्यास या जिवाणूमुळे होणारे जुलाब कमी होतात, असे अभ्यासांत आढळले आहे. सॅकरोमायसिस बोलार्डी हे प्रोबायोटिक तर यीस्ट, म्हणजे बुरशीचा प्रकार, त्यामुळे प्रतिजैविकाने ते मरत नाही; जिवाणूंच्या बहुतेक प्रोबायोटिकच्या मात्रेत आणि प्रतिजैविकात दोन तासांचे अंतर ठेवायला सांगतात. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे किंवा ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीच घेऊ नये, कारण हेच सूक्ष्मजीव क्वचित रक्तात उतरतात. घरच्या ताकात कोणते जिवाणू किती आहेत हे ठरलेले नसते, त्यामुळे ते औषध नव्हे. पण जुलाब ओसरू लागल्यावर मीठ घातलेले पातळ ताक पोटात जाणे चांगलेच.

जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेकदा अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. २०२२ च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी येथे दूषित पाण्याने माणसे गेली, ते मला विसरता येत नाही. कुपी ते पाणी भरून काढत नाही. मी काकूंना एवढेच सांगितले, की कुपी खुशाल द्या, पण आधी हे पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा. त्यांनी तांब्या घासून घेतला आणि रात्रभर दर पाच मिनिटांनी दोन-दोन घोट पाजले. पहाटे काकाजींना लघवी झाली, तेव्हा कुठे त्या उठून चुलीकडे गेल्या.