पद भरलंय, पण भूल कोण देणार?

दर पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सिंधुदुर्गात पेपरला तीच बातमी येते, अमुक पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) डॉक्टर नाही, ग्रामस्थ आंदोलनाच्या पवित्र्यात. मग आठ-पंधरा दिवसांनी दुसरी बातमी, डॉक्टर मिळाला. लोक खूश होतात, पुष्पगुच्छ देतात, फोटो येतो. मला त्या दुसऱ्या बातमीबद्दल लिहायचंय, कारण माझं आता ठाम मत झालंय की आपण कोकणातले लोक मागणीच अर्धी करतोय. एक डॉक्टर मागून भागत नाही.

सिझरचंच घ्या. गायनॅक म्हणजे बाळंतपणाचा डॉक्टर पाहिजे, भूल द्यायला भूलतज्ज्ञ पाहिजे, बाळ रडलं नाही तर बघायला बालरोगतज्ज्ञ पाहिजे, ओटीतली म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली सराईत सिस्टर पाहिजे आणि गरज पडली तर रक्त पाहिजे. ह्यातला एक माणूस नसला की बाकीच्या सगळ्यांचे हात बांधलेले. तांडेल आहे, जाळी आहेत, डिझेल आहे पण इंजिनवाला नाही, तर ट्रॉलर बंदरातच राहणार ना? पण सरकारी कागदावर ही पदं सुटी सुटी मोजतात, चारपैकी तीन भरली म्हणजे ७५ टक्के काम झालं असा हिशोब, आणि बाळंतिणीच्या बाजूने बघाल तर काम शून्य टक्के झालेलं असतं.

हे मला कुठल्या रिपोर्टमधून कळलेलं नाही. माझ्या चुलतभावाच्या बायकोला जुलैच्या ऐन पावसात रात्री कळा सुरू झाल्या, जवळच्या सरकारी हॉस्पिटलला नेलं, तिथे गायनॅक मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या बाळाचे ठोके कमी होतायत, सिझर लागेल. काकी लगेच हात जोडून म्हणाली, "मग करा मा बाय." तर शेजारी उभी असलेली सिस्टर हळूच म्हणाली, "काकी, मॅडम करतीत ओ, पण भूल देवक कोण नाय. बांबोळीक न्हेवा." ओटी होती, लाईट होती, जनरेटर होता, मॅडम स्वतः हजर होत्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, त्यांनाच सगळ्यात जास्त लागलं असेल कारण आपल्याला हे काम येतं आणि तरी करता येत नाही. 108 ची अॅम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गोव्यालाच गेलेली. शेवटी गावातल्याच एकाची इको काढली, मागची सीट आडवी केली, आणि त्या सिस्टरने रेफरची चिठ्ठी लिहून ब्लाऊजमध्ये खोचली, रेनकोट चढवला आणि न सांगता गाडीत बसली. बांदा गेलं, पत्रादेवी गेली, म्हापसा गेलं, ती सबंध रस्ताभर वहिनीच्या पोटावर हात ठेवून बसलेली आणि थोड्या थोड्या वेळाने ठोके ऐकत होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण त्या हॉस्पिटलच्या रजिस्टरला त्या दिवशी काय लागलं असेल, तर एक रेफर. गायनॅकचं पद भरलेलं.

बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज नसतं तर आमच्या सावंतवाडी-दोडामार्ग-वेंगुर्ल्याचं काय झालं असतं कल्पना करवत नाही. 2018 मध्ये गोवा सरकारने बाहेरच्या राज्यातल्या पेशंटना फी लावली तेव्हा दोडामार्गात केवढं आंदोलन झालं. गोव्यावर राग काढण्यात मला तेव्हाही अर्थ वाटला नाही, त्यांच्या लोकांसाठीचं हॉस्पिटल आहे, तिथे आम्ही शेजारच्या राज्यातनं रांगा लावतो. प्रश्न आपल्या राज्याला विचारायचा होता आणि आहे, की जिल्ह्याच्या माणसाला हद्द ओलांडून जावंच का लागतं. तिकडे मंडणगड-दापोलीचे लोक मुंबईची वाट धरतात, राजापूर-वैभववाडीचे घाट चढून कोल्हापूरला जातात आणि पावसात घाटात दरड आली की ती पण वाट बंद.

आता डेप्युटेशन. हा प्रकार गावातल्या बऱ्याच लोकांना माहीतच नसतो. तुमच्या पीएचसीत मेडिकल ऑफिसरची दोन पदं, कागदावर दोन्ही भरलेली, पगार पण तुमच्याच पीएचसीच्या नावावर निघतो, पण त्यातला एक डॉक्टर दुसरीकडे पाठवलेला कारण तिथे कोणीच नाही. म्हणजे एका भोकाचं ठिगळ काढून दुसऱ्याला लावलं. आणि रिक्त पदांच्या यादीत तुमची पीएचसी दिसतच नाही, कारण ते पद रिक्त नाहीच मुळी! राहिलेला एकटा माणूस दिवसा ओपीडी, मग मीटिंग, मग रात्री डिलिव्हरी, मध्येच पोस्टमार्टेम, आणि लोक म्हणतात डॉक्टर जागेवर नसतो.

बॉन्डवाल्या पोरांना पण शिव्या घालू नका असं मी सगळ्यांना सांगतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, असा बॉन्डचा नियम. चोवीस-पंचवीस वर्षांचं पोर येतं, क्वार्टरला गळती, जेवायची सोय नाही, शेजारी विचारायला एक सीनियर नाही, उशाशी नीट-पीजी परीक्षेची पुस्तकं. वर्ष संपलं की जातं. दुसरे येतात ते 11 महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर, त्यांनी तरी इथे बिऱ्हाड का करावं? आमच्या पीएचसी वर्षानुवर्षं प्रत्यक्षात चालवल्या त्या बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाच्या डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी, हे पण कोणीतरी मोठ्याने बोलायला पाहिजे.

एकटं पडलेल्या डॉक्टरचं काय होतं ते सर्पदंशात बघा. आमच्याकडे फुरसं हा विषारी साप भरपूर, कातळावर, आंब्याच्या कलमांखाली, चिऱ्याच्या गडग्यात. फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला मशीन लागत नाही, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, न हलवता 20 मिनिटं ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची, रक्त पातळच राहिलं तर विष चढलंय, विष उतरवायची लस सुरू करा. नळी आहे, लस पण फ्रीजमध्ये आहे. पण लसीची रिअॅक्शन आली तर सांभाळायची कोणी, त्या नव्या पोराने एकट्याने, बाहेर वीस नातेवाईक उभे असताना? तो रेफर लिहितो आणि मी त्याच्या जागी असतो तर मी पण लिहिलं असतं. त्यात पेशंटचा तास-दीड तास रस्त्यात जातो.

आणि टिकून राहिलेला डॉक्टर काय करू शकतो त्याचं उदाहरण पण कोकणातलंच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या पीएचसीला आले. तेव्हा विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं, सर्रास मरायची. ते पेशंटच्या उशाशी बसून राहिले, काय होतंय ते टिपून ठेवलं, मरण विंचवाच्या विषाने हृदय आणि फुप्फुसावर ताण येऊन येतंय हे ओळखलं आणि पुढे प्राझोसिन नावाचं साधं ब्लडप्रेशरचं औषध वापरून ते रोखून दाखवलं. आधी गंभीर पेशंटपैकी 40 टक्क्यांपर्यंत दगावायचे ते प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. लॅन्सेट ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, 2022 ला पद्मश्री मिळाली. एमडी करून पण ते महाडलाच परत आले. पण प्रत्येक तालुक्यात एक बावस्कर निघेल ह्या भरवशावर सरकारी खातं चालवता येत नाही, साध्या चांगल्या माणसाला राहावंसं वाटेल एवढी सोय तरी करायला पाहिजे.

अजून एक गोष्ट, जी मुंबई-पुण्यात बसून कळत नाही. पीएचसी माणसांच्या डोक्यावर मंजूर होते, सपाट भागात 30 हजाराला एक आणि डोंगरी भागात 20 हजाराला एक. आणि आमची डोकी कमी होतायत. 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, सिंधुदुर्ग 8 लाख 68 हजारांवरून 8 लाख 49 हजारांवर आला. रत्नागिरीत 2011 ला हजार पुरुषांमागे 1122 बायका, कारण पुरुष मुंबईला. मागे राहिलं कोण तर म्हातारी माणसं, बीपी-शुगरवाली, गुडघे गेलेली, एकेका वाडीत चार घरं उघडी आणि दोन वाड्यांच्या मध्ये एक पऱ्या म्हणजे ओहोळ नाहीतर खाडी. रात्री फेरीबोट बंद झाली की पलीकडचं गाव वीस-तीस किलोमीटरचा वळसा होतं. अशा ठिकाणी डोकी मोजून डॉक्टर देणं मला अन्यायच वाटतो. अंतर मोजा, वय मोजा.

मेडिकल कॉलेजं आली ही मात्र खरी चांगली गोष्ट. अलिबागला आलं, आमच्या सिंधुदुर्गात ओरोसला 2021-22 मध्ये सुरू झालं, 2023 ला रत्नागिरीला, प्रत्येकी 100 सीट. पण तिथल्या शिकवणाऱ्यांची पदं भरली पाहिजेत आणि तिथून पास होणाऱ्या पोरांमध्ये आमच्या तालुक्यातली किती असतील हाही प्रश्न आहे, कारण अॅडमिशन सगळ्या राज्याच्या मेरिटवर आणि नीटचा क्लास करायला आमचं पोर लातूर नाहीतर कोटाला जाणार, ते परवडणार किती जणांना.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी जो ठराव मांडणार आहे त्यात "डॉक्टर द्या" हे वाक्य ठेवलेलंच नाही. लिहिलंय ते असं, की आमच्या तालुक्याच्या हॉस्पिटलला गायनॅक, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एकाच ऑर्डरने द्यावेत, तिघांपैकी एकाची बदली झाली तर त्याच्या जागी दुसरा माणूस हजर झाल्याशिवाय त्याला सोडू नये, आणि पीएचसीच्या बाहेर फळ्यावर रोज लिहावं की आज कोण हजर, कोण डेप्युटेशनवर, कुठे. क्वार्टरच्या छपराचा खर्च वेगळा जोडलाय. सरपंच म्हणाले भूलतज्ज्ञाचं कलम वरच्या लेव्हलचं आहे, ग्रामसभेच्या हातात नाही. मी म्हटलं हातात नसू दे, जिल्हा परिषदेला आणि सिव्हिल सर्जनला दोन्हीकडे पाठवा, पोच घ्या, आणि शेजारच्या गावांनी पण तोच मजकूर घ्यावा म्हणून मी कॉपी फिरवतोय.