गुरुवारचा दादा

मोटारसायकलचा आवाज आला की माझा लेक भरल्या ताटावरून उठून मागच्या दारानं निघून जायचा. वडील गेल्याची खबर घेऊन माणसं मोटारसायकलवरच आली होती. हे माझ्या ध्यानात यायला आठ महिने लागले. तोवर ‘अन्नाला पाठ दाखवतो’ म्हणून मी त्याला बोलतच राहिले.

आम्ही परभणी जिल्ह्यातले. सोयाबीन हातचं गेलं त्या वर्षी त्याच्या वडिलांनी जीव दिला. लेक तेरा वर्षांचा. तेराव्याला आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “आता तूच घरचा कर्ता.” मीही म्हणाले. पंचनामा झाला, १ लाखाच्या मदतीचे कागद झाले. त्या सगळ्यात लेकरू कसं आहे, हे एकानंही विचारलं नाही. मग तो मुका झाला, मग चिडका. शाळेत एकाला मारलं, तेव्हा सर म्हणाले, दाखला काढून न्या. देवऋषीचा अंगाराही लावून झाला.

मी अंगणवाडी सेविका. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मला पाठ होता, पण तो आपल्या घरासाठी असेल असं कधी वाटलं नव्हतं. एका रात्री लावला. फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यांनी जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवला. तिथल्या समुपदेशक ताई म्हणाल्या, “हा उद्धटपणा नाही. अंगात भीती बसलीय, ती राग होऊन बाहेर येतेय.” त्यांनीच एका संस्थेचा दादा जोडून दिला. दर गुरुवारी पाच वाजता यायचं ठरलं.

मला वाटलं, उपदेश करील. पहिल्या दिवशी त्यानं लेकालाच विचारलं, “ओट्यावर बसू का लिंबाखाली?” लेकानं लिंबाकडं बोट केलं. दोघांनी सायकलची चेन बसवली. हात काळे झाले. बस्स. वडिलांचं नाव दीड महिना निघालं नाही. एका गुरुवारी दादाला जमणार नव्हतं, तर सकाळीच फोन करून म्हणाला, “त्याच्याकडं द्या, मी त्यालाच सांगतो.” ज्याचा बाप न सांगता गेला, त्या लेकराला हे काय वाटलं असेल, ते मी त्याच्या तोंडावर बघितलं.

ताईंनी मला आणि सासूबाईंनाही बसवलं. राग चढलेला असताना विचारपूस करायची नाही, उद्या कोण येणार, कुठं जायचं ते आदल्या दिवशी सांगायचं. आणि तो शब्द मागं घ्यायचा. एका रात्री म्हणाले, “कर्ती मी आहे. तू लेकरू आहेस माझं.” वडील गेल्यावर तो पहिल्यांदा रडला.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात शाळा पुन्हा सुटली, मोबाईल फुटला. दादानं आधीच बजावलं होतं, म्हणून मी ओरडले नाही. बालसंगोपन योजनेचा अर्जही त्यानंच भरून घेतला. महिना २२५० रुपये मिळतात. ही योजना पहिल्याच महिन्यात कुणी सांगायला हवी होती.

वडील गेल्यापासून लेक गोठ्यात पाऊल टाकत नव्हता. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, त्यानं स्वतः वाटीत हळद-लोणी कालवलं. गुरुवार नव्हता, तरी दादाला बोलावून घेतलं. गोठ्याच्या दारात लेक थोडा थांबला. “तू पुढं हो,” म्हणाला. दोघं आत गेले. मी चुलीपुढून उठले नाही.