हायरूलला जाताना आप्पांचा हळदीचा सल्ला

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आजोळी सांगलीला आला आणि आम्ही दोघं आठवडाभर हायरूल फिरलो. हायरूल म्हणजे ‘लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेम मालिकेतलं काल्पनिक राज्य. आमचा गेम २०१७ चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’, निन्टेन्डो स्विच हा गेमचा डबा टीव्हीला जोडून. मागून निघणाऱ्यांसाठी पैशाचं तेवढं सविस्तर लिहितो, कारण आमचं घोडं तिथंच अडलं होतं.

चलन ‘रुपी’. चकाकते खडे, किंमत रंगावरून: हिरवा १, निळा ५, लाल २०, जांभळा ५०, चंदेरी १००, सोनेरी ३००. याच मालिकेतल्या जुन्या ‘ऑकॅरिना ऑफ टाइम’मध्ये सुरुवातीच्या पाकिटात ९९ च मावायचे, इथं ती अडचण नाही. इथं अडचण कमाईची. राक्षस मारला की शिंगं, दात, नखं मिळतात, रुपी नाही. पेटीत सापडले तर ठीक, नाहीतर माल विकायचा.

रिटो गावात पोचलो तेव्हा हेब्राच्या डोंगराळ बर्फात जायला उबदार अंगरखा हवा होता. किंमत ५००, आमच्याकडे ३१२. भाच्यानं सगळ्या गारगोट्या पाच-पाच रुपीला फुंकल्या आणि उत्तम प्रतीचं कच्चं मांस ३५ नं विकायला काढलं. खाटेवर बसून बघणारे आप्पा एकदम म्हणाले, “आरं, कच्चा माल कशाला इकतोस? शिजवल्याबिगर हळद सौद्याला नेतंय का कोण?”

आप्पांची सगळी हयात हळदीत गेली. ओल्या हळदीला भाव नाही. शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेल्या हळकुंडाला आहे. आम्ही विक्री थांबवली. गावातच चूल होती. पाच तुकडे एकदम कढईत टाकले. कच्चे विकले असते तर १७५ आले असते. शिजलेल्या त्या एका पदार्थाचे ४९० आले! एकेक तुकडा वेगळा शिजवू नका, पाच एकत्रच टाका, भाव त्यातच वाढतो. असं मांस ताबांथा भागातल्या मूसपासून, म्हणजे मोठ्या शिंगांच्या थोराड हरणापासून मिळतं.

गारगोट्या विकल्याचं मात्र पुढं भोवलं. गेरुडो नगरातलं दागिन्यांचं दुकान सुरू व्हायला नेमक्या दहा गारगोट्या लागतात. तेवढ्या बाजूला ठेवा. त्या नगरात पुरुषांना प्रवेश नाही, म्हणून आधी ६०० चा बायकी पोशाख घ्यावा लागतो, तेही धरून चला. तबेल्यात मुक्काम २०, मऊ गादी ४०. आम्ही साध्यावरच भागवलं. हाटेनो गावातलं घर ३००० रुपी आणि लाकडाच्या ३० मोळ्यांना पडतं. मोठा खर्च पोशाख मजबूत करून देणाऱ्या चार महापऱ्यांचा: पहिली १०० मागते, मग ५००, १०००, आणि शेवटची तब्बल १०,०००. तिच्यासाठी आतापासूनच साठवा.

भाचा कराडला परतला, स्विच घेऊन. शेवटच्या परीसाठी अजून मांस शिजवतोय. आप्पा रोज फोनवर विचारतात, “आज काय भाव निघाला?” कितीही माल आणला तरी तिथं भाव पडत नाही, रोज ४९० च, हे त्यांना अजून पटलेलं नाही.