कालची बॅग रिकामी केलीस का?

आमच्या व्हॉलीबॉलच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुली हमखास विचारतात, ताई प्रॅक्टिसच्या बॅगेत काय काय ठेवायचं, आणि मी दर वेळी उलटं विचारते, आधी सांग कालची रिकामी केलीस का? त्यांना वाटतं ही चेष्टा करतेय. पण खरंच सांगते, बॅगेची लफडी भरताना होतच नाहीत, घरी आल्यावर ती दारामागे भिरकावून आपण आंघोळीला पळतो ना, तिथे होतात.

माझीच गोष्ट घ्या. मी लिबेरो, म्हणजे फक्त मागे खेळून बॉल उचलणारी. बायकांचं नेट २.२४ मीटरवर आणि मी जेमतेम दीड मीटरच्या वर, त्यामुळे स्मॅश-ब्लॉक हे आपलं खातं नाही हे लवकर कळलं आणि मागे राहून बॉल उचलायला लागले. आता लिबेरोची जर्सी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाची लागते, कारण बाकीच्यांना एका सेटमध्ये सहाच सब्स्टिट्यूशन असतात पण लिबेरोचं आत-बाहेर त्यात धरत नाहीत, शिवाय तिने सर्व्ह करायची नाही, ब्लॉकला उडी मारायची नाही, हे सगळं रेफ्रींना बघावं लागतं, तर ती लांबून ओळखू यायला हवी. टीमची निळी, माझी पिवळी.

तर एका मॅचला वॉर्मअप झाला, जर्सी चढवायला बॅग उघडली. पिवळी होती, नव्हती असं नाही. तळाशी बोळा होऊन पडलेली, आधीच्या आठवड्यातल्या मॅचपासून, तिच्यावर ओल्या नी-पॅड आणि त्यावर ओला टॉवेल. काखेपाशी काळे ठिपके आलेले आणि वास तर असा की बॅग उघडल्याबरोबर शेजारची मुलगी म्हणाली, "अगं काय मेलंय आत?" जादा निळी जर्सी होती माझ्याकडे, पण निळी घालून लिबेरो म्हणून उतरता येत नाही ना! घातली तीच पिवळी. आणि खेळताना काय झालं, रिसीव्हला, म्हणजे समोरची सर्व्ह उचलताना, माझ्या उजव्या बाजूला उभी राहणारी मुलगी जरा जरा करत लांब सरकायला लागली, तिला बिचारीला कळतही नसेल, आणि आमच्या दोघींच्या मध्ये एवढं मोठं भगदाड पडलं की समोरच्या टीमने लागोपाठ दोन सर्व्ह तिथेच टाकल्या. सर ओरडतायत, "मधे कोण बघणार?" मी काय सांगू, वासामुळे फट पडलीय म्हणून?

तेव्हापासून घरी आले की आंघोळीच्या आधी बॅग उलटी. अक्षरशः उलटी करून झटकायची, कोपऱ्यातून माती, टेपचे तुकडे, केसांच्या पिना काय काय पडतं. कपडे धुवायला, बूट बाहेर, आणि बॅगेची चेन रात्रभर उघडी.

सगळ्यात घाणेरडी गोष्ट म्हणजे नी-पॅड. जर्सी सगळे धुतात, नी-पॅड कोणी धुवत नाही. आतल्या फोमला घाम धरून राहतो आणि वरून कापड कोरडं लागलं तरी अंगठ्याने दाबून बघा, गार लागतं, म्हणजे आत ओलं आहे. मी उलट्या करून साध्या साबणाच्या पाण्यात बुडवते, पिळत नाही (पिळल्या की फोमला कायमची घडी पडते आणि मग डाइव्ह मारताना नेमकी तीच घडी गुडघ्याच्या वाटीवर येते), नुसत्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते आणि सावलीत वाऱ्याला टांगते. कडक उन्हात टाकल्या तर इलॅस्टिक सैल होतं आणि मॅचमध्ये सारख्या घोट्यापर्यंत घसरतात. एका दिवसात वाळत नाहीत म्हणून दोन जोड्या. आणि जोडी जोडीतच ठेवायची बाई, मी एकदा एक जुनी एक नवी घालून खेळलेय, डाव्या गुडघ्याला अजून खूण आहे.

बुटांचं थोडक्यात. हॉलमधले बूट हॉलमध्येच घालायचे. रस्त्यावरून तेच घालून आलं की तळव्याच्या रबराला धूळ बसते आणि लाकडी फ्लोअरवर पाय सटकतो, त्यामुळे येता-जाता चपला, बूट वेगळ्या पिशवीत. ओल्या फडक्याने तळवा पुसला की पकड परत येते. एक जादा नाडी ठेवा, वजन काहीच नसतं.

आता भरायचं कसं. मी वस्तूंची यादी करत नाही, वेळ बघते. टाइमआऊट ३० सेकंदांचा असतो. त्यातले दहा कोर्टवरून बाहेर यायला आणि उरलेले सरांचं ऐकायला जातात, म्हणजे तेव्हा जे लागेल ते चेन न उघडता हाताला लागलं पाहिजे: बाटली आणि घाम पुसायचा छोटा नॅपकिन, बस. हे बॅगेत नाहीच, बेंचखाली. दोन सेटच्या मध्ये ३ मिनिटं मिळतात, त्यात टेप बदलता येते, मोजे बदलता येतात, जर्सीही बदलता येते, तर ते बाहेरच्या कप्प्यात. ओली किंवा फाटलेली जर्सी सेटच्या मध्ये बदलायला नियमाने परवानगी आहे, पण दुसरीचा रंग, डिझाइन आणि नंबर तोच लागतो. स्कोअरशीटवर नंबर चढलेला असतो, मैत्रिणीची उसनी चालत नाही. बाकी सगळं, म्हणजे मोठा टॉवेल, घरी जायचे कपडे, साबण, हे तळाला, कारण मॅच संपेपर्यंत त्याला हात लावायचाच नसतो. आणि एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी, ओल्या कपड्यांसाठी. ती आधी नव्हती म्हणून तर एवढं रामायण.

टेपबद्दल मात्र जरा बोलते. ताणणारी आणि न ताणणारी अशा दोन असतात आणि बोटांना न ताणणारी लागते, कारण दुखरं बोट शेजारच्या बोटाला बांधून त्याचं मागे वळणं थांबवायचं असतं. सांध्याच्या वर एक वेढा, खाली एक, सांधा मोकळा. बोटाचं टोक निळसर पडलं किंवा मुंग्या आल्या तर घट्ट झालीय, काढा. मी रोल नेत नाही, पेन्सिलीच्या तुकड्यावर थोडी गुंडाळून नेते, आणि छोटी कात्री सोबत, घामेजल्या बोटांनी टेप फाडून बघा म्हणजे कळेल का ते. नेलकटर पण बॅगेत आहे, पण नखं आदल्या रात्रीच काढते, मॅचच्या सकाळी काढली की टोकं हुळहुळतात आणि ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावर बोटांनी, घेताना बॉल नकोसा होतो.

अंगठ्या, लोंबती कानातली घरीच ठेवा. इजा होईल असं काही घालून खेळू देत नाहीत आणि मग मौल्यवान वस्तू कोणाकडे सांभाळायला द्यायची हा वेगळा ताप. चष्मा चालतो, आपल्या जबाबदारीवर, त्याला मागून पट्टा लावा.

बॉल मॅचला न्यायची गरज नसते, प्रॅक्टिसला मी माझा नेते आणि सोबत पंप. पंप एकवेळ कोणाचा तरी मिळतो, पिन मिळत नाही, म्हणून दोन पिना डबीत. घुसवण्याआधी पिन ओली करायची, कोरडी घुसवली तर व्हॉल्व्ह फाटतो आणि बॉल कायमचा गेला. हवा ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवी असं नियमात आहे, आपल्यापैकी किती जणींकडे गेज असतं म्हणा. पण जास्त भरलेला बॉल हातांना लगेच कळतो, मनगटाच्या वर लाल चट्टे येतात आणि रिसीव्ह सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी बॉल चढवून देणारीच्या, डोक्यावरून मागे जातो. आमच्याकडे कोणीतरी नेहमी दगडासारखा भरून ठेवते आणि मग सगळ्या म्हणतात आज रिसीव्ह बसत नाहीये.

पिवळ्या जर्सीवरचे ते ठिपके गेलेच नाहीत, सगळं करून बघितलं. शेवटी नवीन दोन शिवून घेतल्या, दोन्हीवर तोच नंबर. त्यातली एकच माझ्या बॅगेत असते. दुसरी त्या रिसीव्हवाल्या मुलीच्या बॅगेत, तिनेच मागून घेतली, म्हणाली, "तुझ्याकडे नको, माझ्याकडे असू दे."