लीग जिंकली जाते काउडनबीथमध्ये: स्कॉटिश चॅम्पियनशिप २०१४-१५

स्कॉटलंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये एकाच वर्षी हार्ट्स, हिबर्नियन आणि रेंजर्स असे तीन मोठे क्लब अडकले होते. त्या मोसमाची आठवण निघाली की बोलणं या तिघांच्या आपसांतल्या लढतींपाशीच थांबतं. हार्ट्स-हिबर्नियन ही एडिंबराची डर्बी, रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावरची गर्दी वगैरे. पण गुणतक्ता नीट उकलून पाहिला तर वेगळंच दिसतं.

या तिघांचे आपसांत १२ सामने झाले. फक्त तेवढेच मोजले तर हिबर्नियन, म्हणजे हिब्स, पहिला येतो: २४ पैकी १४ गुण. हार्ट्सचे १२, रेंजर्सचे ७. हिब्सने रेंजर्सला चारपैकी तीनदा हरवलं, त्यात आयब्रॉक्सवर दोनदा आणि डिसेंबरात आपल्या ईस्टर रोड मैदानावर थेट ४-०. तरी मोसम संपला तेव्हा हार्ट्स ९१, हिब्स ७०, रेंजर्स ६७. मोठ्या सामन्यांत सरस ठरलेला संघ २१ गुणांनी मागे राहिला.

ते गुण कुठे गेले? उरलेल्या सात क्लबांकडे. या लीगमध्ये दहाच संघ असतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याशी चारदा खेळतो, दोनदा घरी आणि दोनदा बाहेर. एकूण सामने ३६. म्हणजे मोठ्या दोघांशी ८ आणि बाकीच्यांशी २८. या २८ सामन्यांत ८४ गुण पणाला लागतात. हार्ट्सने त्यातले ७९ घेतले: २६ विजय, एक बरोबरी, एक पराभव. रेंजर्सला ६० मिळाले, हिब्सला ५६. सगळा मोसम या तीन आकड्यांत आहे.

आता हे २८ सामने कसे असतात ते बघा. काउडनबीथ हे फाइफमधलं जुनं कोळशाच्या खाणींचं गाव. त्यांच्या सेंट्रल पार्कवर फुटबॉलच्या हिरवळीभोवती डांबरी ट्रॅक आहे, कारण तिथे स्टॉक कारच्या शर्यतीही होतात. त्यामुळे प्रेक्षक मैदानापासून लांब बसतात. डम्बार्टनचं मैदान एका प्रचंड खडकाच्या पायथ्याशी आहे. एकाच बाजूला स्टँड आणि त्यात जेमतेम दोन हजार जागा. अलोआ, फॉल्कर्क आणि डम्फ्रीजच्या क्वीन ऑफ द साउथकडे कृत्रिम हिरवळ. आयब्रॉक्सवर पन्नास हजार माणसं बसतात. तिथल्या आवाजाची सवय झालेला खेळाडू पुढच्या शनिवारी हजार-दोन हजारांसमोर उतरतो, आणि समोरच्या संघासाठी मात्र तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस असतो.

कृत्रिम हिरवळीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती नुसती सबब नाही. ओल्या कृत्रिम हिरवळीवर चेंडू झरकन सरकतो, कोरडीवर उसळी जास्त घेतो. लांब पास पुढच्या खेळाडूच्या पायात न थांबता रेषेबाहेर जातो. गवतावर घसरून टॅकल करणारा बचावपटू तिथे कातडी सोलवटून घेतो, मग तो अर्धा क्षण थबकतो. गुडघ्यांना आणि घोट्यांना लवकर बाक येत नाही अशा तिशीपार खेळाडूंना ती सगळ्यात जड जाते. रेंजर्सच्या संघात ली मॅककलॉक, केनी मिलर, क्रिस बॉइड असे बरेच अनुभवी होते. अलोआत त्यांनी १-१ अशी बरोबरी केली. चॅलेंज कप या वेगळ्या बाद स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याच मैदानावर दोन गोलांची आघाडी घालवून ते २-३ असे हरले. डम्फ्रीजला डिसेंबरात ०-२ आणि एप्रिलमध्ये ०-३.

दुसरा मुद्दा दमाचा. अलोआ, डम्बार्टन, काउडनबीथ हे अर्धवेळ क्लब. खेळाडू दिवसभर नोकरी करतात आणि आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव करतात. पहिल्या तासाभरात अशा संघाला फोडणं अवघड असतं. दोन रांगा लावून ते पेनल्टी क्षेत्रासमोर उभे राहतात, मध्ये जागाच ठेवत नाहीत. सामना उघडतो तो शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत, तोवर पूर्णवेळ संघाने चेंडू वेगात फिरवत ठेवला असेल तरच. संथ पास देत बसलं की समोरच्यांचा दम वाचतो आणि मग एका कॉर्नरवर दोन गुण जातात. रेंजर्सचा खेळ वर्षभर असाच संथ होता. हार्ट्सकडे कॅलम पॅटरसन, जेमी वॉकर, सॅम निकोल्सन अशी तरणी पोरं होती. आदल्या वर्षी नवे खेळाडू घ्यायला बंदी असल्यामुळे ती नाइलाजाने वरच्या श्रेणीत उतरवली गेली होती. त्या वर्षी मार खाल्लेली हीच पोरं या वर्षी नव्वद मिनिटं पळत होती. २८ फेब्रुवारी २०१५ ला टाइनकासल या आपल्या मैदानावर त्यांनी काउडनबीथला १०-० हरवलं. अशा सामन्यात सहा गोलांनंतरही वेग न सोडणं हीच त्या संघाची खरी ओळख होती, असं माझं ठाम मत आहे.

हार्ट्सला आणखी एक फायदा मिळाला, तो वेळेचा. आधीच्या मोसमात दिवाळखोरीच्या प्रक्रियेमुळे त्यांचे १५ गुण सुरुवातीलाच कापले गेले होते. खाली जाणं एप्रिलमध्येच पक्कं झालं. मे महिन्यात ॲन बज यांनी सूत्रं हाती घेतली, क्रेग लिव्हिन फुटबॉल संचालक झाले, रॉबी नीलसन प्रशिक्षक, आणि नव्या मोसमाची तयारी तिथूनच सुरू झाली. हिब्सचं उलट. हॅमिल्टनविरुद्धच्या प्लेऑफचा पहिला सामना २-० जिंकून, दुसरा घरी ०-२ हरून, २५ मे २०१४ ला पेनल्टी शूटआउटमध्ये ते खाली आले. ॲलन स्टब्स प्रशिक्षक म्हणून आले तोवर जून संपत आला होता. संघ ऑगस्टमध्येही जमवणंच चाललं होतं, आणि त्याच महिन्यात हार्ट्स, फॉल्कर्क आणि अलोआ यांच्याकडून हिब्स ओळीने हरले. पुढे ते या लीगमधला सगळ्यात देखणा फुटबॉल खेळले, पण गेलेले गुण परत येत नाहीत.

रेंजर्सने मधल्या काळात डागडुजी करून पाहिली. डिसेंबरात प्रशिक्षक ॲली मॅककॉइस्ट गेले, केनी मॅकडॉवॉल आले, मार्चमध्ये स्टुअर्ट मॅककॉल. फेब्रुवारीच्या सुरुवातीला न्यूकॅसलकडून एकदम पाच खेळाडू उसने घेतले, त्यातला हारिस वुकिच तेवढा नियमित खेळला. उसना खेळाडू घेताना तो तंदुरुस्त आहे का आणि गेल्या सहा महिन्यांत किती सामने खेळलाय, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात.

२२ मार्चला रेंजर्सने ईस्टर रोडवर हिब्सला २-० हरवलं आणि हार्ट्स मैदानात न उतरताच विजेता ठरला, सात सामने शिल्लक असताना. इथून खरी चुरस दुसऱ्या जागेची. ती का महत्त्वाची, यासाठी प्लेऑफची रचना समजून घ्यायला हवी. पहिला संघ थेट वर जातो. तिसरा आणि चौथा आपसांत दोन सामने खेळतात. त्यातला विजेता दुसऱ्याशी दोन सामने. त्यातला विजेता प्रीमियरशिपमधल्या, म्हणजे वरच्या श्रेणीतल्या, अकराव्या संघाशी दोन सामने. आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना हरल्यावर आणखी एक संधी असते. इथे दुसऱ्याला तशी संधी नाही, फक्त दोन सामन्यांची विश्रांती.

२ मे ला, शेवटच्या दिवशी, हिब्स ६७ आणि रेंजर्स ६६ वर होते. हिब्सने फॉल्कर्कला ३-० हरवलं, रेंजर्स टाइनकासलवर २-२. म्हणून रेंजर्स तिसरे. मग त्यांचं वेळापत्रक असं झालं: ९ मे, १७ मे, २० मे, २३ मे, २८ मे, ३१ मे. म्हणजे २३ दिवसांत सहा सामने, आणि शेवटचे पाच १५ दिवसांत. क्वीन ऑफ द साउथला त्यांनी एकूण ३-२ असं काढलं. हिब्सला आयब्रॉक्सवर २-० हरवलं आणि ईस्टर रोडवर ०-१ हरूनही ते पुढे गेले. वर्षभर रेंजर्सवर भारी पडलेला हिब्स तीन दिवसांत बाहेर. प्रीमियरशिपमधल्या अकराव्या मदरवेलसमोर मात्र रेंजर्सचे पाय संपले होते: घरी १-३, बाहेर ०-३.

हा दोष एका वर्षाचा नाही. २०१४ ते २०२५ या काळात हा अंतिम प्लेऑफ ११ वेळा झाला (२०२० मध्ये कोविडमुळे झालाच नाही). खालच्या श्रेणीतला संघ फक्त चारदा जिंकला: हॅमिल्टन, लिव्हिंगस्टन, डंडी आणि पुन्हा लिव्हिंगस्टन. अकराव्या संघाला दोनच सामने खेळायचे असतात आणि दुसरा त्याच्या घरी असतो. ही रचना वरच्यांनाच जपते. दोन संघ थेट वर जायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

तळाशी त्या वर्षी हिशोब आणखी बारीक होता. करासंबंधीच्या नियमभंगामुळे लिव्हिंगस्टनचे ५ गुण कापले गेले आणि ते २७ वर थांबले. अलोआचेही २७. गोलफरक लिव्हिंगस्टनचा उणे १२, अलोआचा उणे २२, म्हणून लिव्हिंगस्टन आठवा आणि वाचला. अलोआला जागा टिकवायला प्लेऑफ खेळावा लागला, आणि त्यांनी ती टिकवली. काउडनबीथ २५ गुणांवर, उणे ५५ गोलफरकासह, थेट खाली गेला.