रोमभोवतालचे ओढे: यंदाच्या धबधबा-हंगामाची नोंदवही

मंडळी, सह्याद्रीतले धबधबे आटून कातळावर नुसते पांढरट ओघळ उरतात, त्या सुमारास इथला हंगाम सुरू होतो. रोमच्या आसपासचा लात्सिओ प्रांत उन्हाळाभर कोरडा असतो. पाऊस धरतो तो ऑक्टोबरात, जोर करतो नोव्हेंबरात, आणि पुढे एप्रिल-मेपर्यंत अधूनमधून हजेरी लावत राहतो. आपल्याकडचा पाऊस एकदा लागला की महिना महिना लागून राहतो, म्हणून कोणत्याही रविवारी निघालं तरी चालतं. इथे मात्र रविवार पाहून निघालात, तर बऱ्याचदा ओला दगड बघून परत याल.

वहीत माझे तीनच शेरे असतात: धार, पडदा आणि दणका. उंची लिहिणं मी सोडून दिलं आहे. या लहान धबधब्यांची उंची प्रत्येक पाटीवर वेगळी असते, आणि पाणी नसेल तर उंची घेऊन करायचं काय?

ऑक्टोबर, इसोला फार्नेसे. हा रोम महापालिकेच्या हद्दीतलाच धबधबा, वेइओ उद्यानात. एफएल3 लोकलने ला स्तोर्ताला उतरायचं आणि पुढे बस किंवा पायपीट. पिओर्दो नावाचा ओढा जुन्या पाणचक्कीशेजारी कातळावरून खाली झेपावतो. वर एत्रुस्कनांचं, म्हणजे रोमनांच्या आधी इथे नांदलेल्या लोकांचं, वेइओ शहर होतं. ते रोमनांनी इ.स.पू. 396 मध्ये जिंकलं. पहिल्या दोन सरींनंतर गेलो तेव्हा शेरा 'धार'. उन्हाळ्यात तापलेली जमीन पहिला पाऊस स्वतःच पिते, ओढ्यापर्यंत फारसं काही पोचू देत नाही. काठावर सायक्लेमनची गुलाबी फुलं होती, तेवढ्यासाठीसुद्धा फेरी वसूल. पाण्यात उतरू नका. ओढा वस्तीतून येतो, त्याचा वासच सगळं सांगतो.

त्याच महिन्यात, मोंते जेलातो. त्रेया नदीवरच्या बुटक्या पायऱ्या, बाजूला जुनी चक्की आणि रोमन काळातल्या वाड्याचे अवशेष. वर्षभर पाणी असतं, म्हणून वर्षभर गर्दीही असते. फोटोसाठी पहाटे जा. त्रेयाच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातले खेकडे आहेत. संध्याकाळी कपारीतून एक बाहेर आला, आणि माझ्यातला कोकणी माणूस लगेच कालवणाचा विचार करू लागला. तो विचार तिथेच सोडून द्यावा. उद्यान संरक्षित आहे.

नोव्हेंबर, चेर्वेतेरी ते कास्तेल जुलियानो. यंदाचा सगळ्यात भरघोस दिवस हाच. एका चालीत एकामागून एक धबधबे लागतात. काही ओढ्याच्या मुख्य धारेवर आहेत, काही बाजूच्या घळीतून येणारे. दोन दिवस यलो अलर्ट होता. तो उठल्यावर एक पूर्ण दिवस मध्ये जाऊ दिला आणि दुसऱ्या सकाळी निघालो. अलर्ट चालू असताना या घळींत पाऊल टाकू नये. वाट चार-पाच ठिकाणी ओढा ओलांडते, पूल कुठेच नाही, आणि पाणी चढलं की मधल्या टप्प्यात माणूस अडकतो. जायच्या वेळी पाणी पोटरीला लागत होतं. गुडघ्याला लागलं असतं तर ओढा पहिल्यांदा ओलांडायच्या जागेवरूनच मागे फिरायचं असं आधीच ठरवून ठेवलं होतं. बूट भिजणारच, ते वाचवायला शेवाळलेल्या दगडांवरून उड्या मारणं हाच खरा धोका. सरळ पाण्यातून चाला, हातात काठी ठेवा.

शेरा: मोठ्या धबधब्याला 'दणका', बाकीच्यांना 'पडदा'. पडद्यामागच्या ओलसर छताला हंसराज लटकत होता, तोच आपल्या विहिरींच्या भिंतीत उगवणारा काळ्या देठांचा नेचा. इथला खडक म्हणजे ज्वालामुखीची राख दबून झालेला तुफो. तो पिवळट-तांबूस आणि इतका मऊ की एत्रुस्कनांनी त्यात थडग्यांची अख्खी नगरी कोरली. चेर्वेतेरीची ती नगरी 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. पाण्याला असा खडक कापायला फार वेळ लागत नाही. वरचा थर घट्ट आणि खालचा ठिसूळ असला की खालचा पोखरला जातो, वरचा ओठासारखा पुढे राहतो, आणि पाणी कातळाला न चिकटता मोकळं पडतं. ओठ कधीतरी तुटतो. खाली डोहात पडलेले गाडीएवढे दगड त्याचेच, म्हणून जेवणाचा डबा ओठाखाली उघडायचा नाही.

शिकारीचं जरा सविस्तर सांगतो, कारण नवखे लोक हे विचारात घेत नाहीत. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेर इटलीत शिकारीचा मुख्य हंगाम असतो, आणि धबधब्यांचा निम्मा हंगाम त्यातच जातो. संरक्षित हद्दीबाहेर रानडुकरांसाठी हाका घालतात: कुत्री, आरडाओरडा आणि ओळीत उभे बंदूकवाले. 1992 च्या कायद्याने मंगळवार आणि शुक्रवार शिकारीला बंद आहेत. सुट्टी टाकायचीच असेल तर त्या दोन वारांना टाका. एरवी भडक नारिंगी जाकीट घाला, वाटेच्या तोंडाशी हाक्याची पाटी दिसली तर निमूट दुसरी वाट धरा. वेइओ, त्रेया, मोंतेरानो या उद्यानांत हा प्रश्न येत नाही.

जानेवारी, मोंतेरानो. धबधब्याचं नाव दिओसिल्ला. पाणी बरं होतं, शेरा 'पडदा'. दरीत गंधकाचा वास, कातळावर गंजाचे पट्टे, जवळ जुनी गंधकाची खाण. वर 1799 मध्ये फ्रेंच फौजांनी लुटल्यावर ओस पडलेलं गाव, त्यात छप्पर उडालेलं चर्च, ज्याचा आराखडा सतराव्या शतकातला शिल्पकार-वास्तुकार बेर्निनीचा. खरं सांगायचं तर धबधब्यापेक्षा गावातच जास्त रेंगाळलो.

मार्च, आक्वाकेता. हा लात्सिओत येत नाही. एमिलिया-रोमान्या आणि तोस्काना यांच्या सीमेलगत, फोरेस्ते कासेंतिनेसी राष्ट्रीय उद्यानात आहे. फोर्लीहून फ्लोरेन्सकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर सान बेनेदेत्तो इन आल्पे हे गाव लागतं, तिथून लाल-पांढऱ्या खुणांच्या वाटेने ओढ्याच्या कडेकडेने दोनेक तास चाल. इटालियन महाकवी दांतेने आपल्या काव्यातल्या नरकवर्णनाच्या 16 व्या सर्गात याच धबधब्याच्या गर्जनेची उपमा दिली आहे. ऑगस्टमध्ये इथे आलेल्या माणसाला ती उपमा थट्टा वाटेल, कारण तेव्हा कातळावर जेमतेम ओल असते. दांतेने हा आवाज ऐकला असेल तर पावसाळी दिवसांतच, याबद्दल मला शंका नाही. बर्फ वितळत होतं, त्यावर रात्री पाऊस झाला होता, आणि मला मिळाला यंदाचा दुसरा 'दणका'.

याच फेरीत वर्षभर डोक्यात घोळत असलेली गोष्ट पक्की झाली. पाऊस किती पडला याच्या जोडीला खडक कोणता हे पाहिल्याशिवाय दिवस निवडता येत नाही. आक्वाकेताचा डोंगर म्हणजे वालुकाश्म आणि मऊ मार्ल (चुना मिसळलेल्या चिकणमातीचा खडक) यांचे एकाआड एक थर. मार्लमध्ये पाणी फारसं जिरत नाही, ते अंगावरून वाहून जातं. म्हणून हा धबधबा झटकन भरतो आणि झटकन उतरतो. तिथे पाऊस थांबल्यावर दुसऱ्याच दिवशी हजर व्हा. तुफोचा प्रदेश थोडं पाणी पोटात ठेवतो, त्यामुळे मुख्य ओढे सावकाश ओसरतात, फक्त बाजूच्या घळी लवकर सुकतात. तिथे एखादा दिवस थांबलेलं चालतं, उलट गढूळपणा जाऊन फोटो चांगले येतात.

चुनखडीचं गणितच वेगळं. रोमच्या पूर्वेकडच्या सिम्ब्रुइनी डोंगरांवर धो धो पाऊस पडतो, बर्फही साचतं, पण सगळं भेगांतून आत गडप होतं आणि खाली अनिएने नदीच्या खोऱ्यात झऱ्यांवाटे निवांत बाहेर पडत राहतं. रोमनांनी हे कधीच ओळखलं होतं. इ.स.पू. 144 मधला आक्वा मार्चिया हा जलवाहिनी-मार्ग याच खोऱ्यातलं पाणी रोमला नेत असे. म्हणून चुनखडीतले धबधबे मी हंगामाच्या शेवटाला ठेवले आहेत, तुफोच्या घळी सुकल्या की तिकडे.

शेजारच्या उंब्रियातला प्रसिद्ध मार्मोरे धबधबा यादीत का नाही, असं दोघातिघांनी विचारलं. 165 मीटरचा, देखणा, मान्य. पण तो इ.स.पू. 271 मध्ये रोमनांनी वेलिनो नदी वळवून तयार केला, आणि आज त्याचं पाणी वीजनिर्मितीसाठी वळवतात, ठरलेल्या वेळी भोंगा वाजवून सोडतात. वेळापत्रक बघून जा, छान दिसतो. माझ्या वहीत मात्र नळाला जागा नाही.

मे महिन्यासाठी ठरलेलं: सुबियाकोजवळचं सान बेनेदेत्तोचं तळं आणि त्यात पडणारा छोटा धबधबा, मग त्याच अनिएनेवर वरच्या अंगाला त्रेवी नेल लात्सिओचा. सुबियाकोपर्यंत प्रादेशिक बस आहे, पुढच्या टप्प्याला गाडी लागेल. कोणाकडे गाडी असेल तर पेट्रोल आणि थालीपिठं माझ्याकडून. निघायचं मात्र शनिवार टाळून.